पुसलेला भाजक

आगाशेसरांच्या गटात कुठलाही निष्कर्ष प्रबंधात जाण्याआधी फळ्यावर जायचा, आणि फळ्यावर तो मालकानं मांडायचा नाही, असा नियम होता. गटातल्या दुसऱ्या कुणीतरी फक्त प्रश्न घ्यायचा, उत्तर पाहायचं नाही, आणि कोऱ्या फळ्यावर सुरुवातीपासून सोडवत जायचं. ज्याचं काम असेल त्यानं मागच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, खाकरायचंसुद्धा नाही. "मालकानं तोंड उघडलं की पाहुणा त्याच्याच दारातून आत शिरतो," असं सर म्हणत. "आपल्याला पाहायचंय, दुसरं दार आहे का."

त्या एप्रिलमध्ये मागच्या बाकावर आम्रपाली रणपिसे बसली होती आणि फळ्यापाशी प्रज्ञेश होता. मी मधल्या बाकावर. मी गटातली आकडेमोड संगणकावर चालवून द्यायचे, त्यामुळे आम्रपालीचा प्रश्न मला माहीत होता. तो थोडक्यात असा.

दोन कण एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणजे एकाबद्दल जे कळेल ते दुसऱ्याबद्दलही काही सांगून जातं. ही गुंफण नाजूक असते. भोवतालचा गोंगाट तिला हळूहळू खाऊन टाकतो. गोंगाट म्हणजे आवाज नव्हे; उष्णता, भटकी किरणं, शेजारच्या अणूंची चुळबुळ, असं सगळं. आता यांतला एक कण सतत वेग वाढवत निघाला, तर त्याला रिकामी जागासुद्धा किंचित गरम भासते. म्हणजे त्याच्या वाट्याला दुहेरी गोंगाट. अशा कणाची गुंफण कशी टिकवायची, हा आम्रपालीचा प्रश्न.

तिचा उपाय सुंदर होता. गोंगाट सुरू होण्याआधी कणाला एक हलकं, अर्धवट मोजमाप करायचं. त्यानं कण जरा झोपाळू होतो, गोंगाटाला कमी बळी पडतो. गोंगाट संपला की उलटं मोजमाप करून त्याला जागं करायचं. दर वेळी हे जमत नाही. काही जोड्या वाया जातात, त्या टाकून द्याव्या लागतात. किती टाकाव्या लागतात, ती या उपायाची किंमत. आणि आम्रपालीचा निष्कर्ष असा होता की कणाचं त्वरण कितीही असलं तरी किंमत वाढत नाही, स्थिर कणाला पडते तेवढीच पडते.

हे वाक्य वाचून परदेशातल्या एका नावाजलेल्या नियतकालिकाचे दोन्ही परीक्षक खूश झाले होते. लेख स्वीकारला गेला होता. सर तेव्हा परिषदेसाठी बाहेर होते म्हणून लेखाच्या वेळी फळा राहून गेला होता. आता छपाईची मुद्रितं तपासायला आली होती. आमच्याकडे एक तरी लेख छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नसे. आम्रपालीची शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती, आणि हिंजवडीच्या एका कंपनीनं तिला जुलैत हजर व्हायला सांगितलं होतं. लेख छापला, प्रबंध दिला, कंपनीत रुजू, असं सगळं एका रांगेत उभं होतं. फळा ही फक्त शेवटची औपचारिकता होती.

प्रज्ञेशचा हात वेगवान. तो गणित करताना पाहणं मला आवडायचं. रेषा आखताना सुताराचा हात जसा न थांबता जातो तसा त्याचा खडू जायचा. त्याला स्वतःलाही ते माहीत होतं.

"इथे भाजक येतो," तो म्हणाला, आणि तळहाताच्या कडेनं तो पुसून त्या जागी प्रमाणात असल्याचं चिन्ह काढलं.

ही सरांच्या गटाची जुनी सवय. अशा गणितात प्रत्येक टप्प्यानंतर सगळ्या शक्यतांची बेरीज पुन्हा एक व्हावी म्हणून एका आकड्यानं भागावं लागतं. आधीच्या वीस वर्षांत सरांनी जे प्रश्न सोडवले त्यांत काहीच टाकून द्यायचं नसे, म्हणून तो आकडा नुसता ओझं असायचा. "भाजक शेवटी," असं सर म्हणायचे, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा आठवड्याभरात भाजक पुसायला शिकायचा.

प्रज्ञेशनं भाजक पुसला तेव्हा माझं लक्ष सहज मागे गेलं. आम्रपाली ताठ बसली होती. मान हलली नव्हती. पण तिनं मांडीवरचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते.

प्रज्ञेश पुढे गेला. अर्धा फळा, पाऊण फळा. उत्तर आलं, आणि ते आम्रपालीच्या उत्तराशी अक्षरशः जुळलं. किंमत तीच. सरांनी लेखाची प्रत उघडून दोन्ही ओळी शेजारी धरल्या.

"जुळलं," ते म्हणाले. "प्रज्ञेश, आपण कंपनीत जाऊन लोकांची वेतनपत्रकं छापणार आहात, ही देशाची हानी आहे. अहो रणपिसे, आता बोला. सत्काराला उत्तर द्या."

आम्रपाली उठली. "सर, त्यानं जे पुसलं ते मी परत लिहू का?"

"कशाला?"

"मीही तेच पुसलं होतं."

सरांनी हातानंच 'जा' म्हटलं. ती फळ्यापाशी गेली. प्रज्ञेशच्या तळव्याची पांढरी खूण अजून दिसत होती. तिथे तिनं भाजक लिहिला. लहान होता, चार पदांचा. तिसऱ्या पदात त्वरण होतं.

मला कळायला थोडा वेळ लागला. आपण जी किंमत सांगत होतो ती स्थिर कणाच्या सूत्रावरून घेतली होती, कारण आपल्या गणितात त्वरणाचा परिणाम कुठे दिसतच नव्हता. दिसत नव्हता कारण तो भाजकात होता; किती जोड्या हाती राहतात हे भाजकच सांगतो. प्रज्ञेशनं वेगळ्या दारानं येऊन तेच उत्तर काढलं होतं, कारण भाजक पुसायला दोघंही एकाच माणसाकडून शिकली होती.

"म्हणजे टाकून द्यायच्या जोड्या..." सर म्हणाले.

"वाढतात. त्वरण खूप असेल तर जवळपास सगळ्याच टाकाव्या लागतील." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "लेखातलं मुख्य वाक्य चूक आहे, सर."

प्रज्ञेश म्हणाला, "अगं, पण मुख्य वाक्य बदललं की लेखात उरतं काय? संदर्भसूची?"

"आभार उरतात," ती म्हणाली. "तुझे."

प्रज्ञेश हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि भाजकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मुद्रितांत एक टीप घालता येईल. 'किमतीचा सविस्तर विचार पुढील लेखात.' या विषयातले निम्मे लोक किंमत सांगतच नाहीत. लेख छापू द्या, प्रबंध द्या, मग दुरुस्तीपत्र पाठवू. त्यात बेकायदा काही नाही."

"नाही सर, बेकायदा नाही," आम्रपाली म्हणाली. "पण वाक्य चूक आहे हे आपल्याला आज माहीत आहे."

सरांनी लेखाची प्रत मिटली. त्यांचंही नाव लेखावर होतं, आणि अशा नियतकालिकात त्यांचा लेख येऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटी त्यांनी चष्मा चढवला. "पहिलं नाव तुमचं आहे. ठरवा तुम्ही. मी सही करीन, काय पाठवाल त्याच्यावर."

तिनं लेख मागे घेतला. संपादकांचं उत्तर सभ्य होतं आणि एका ओळीचं होतं.

त्या रविवारी मी धायरीला तिच्या घरी गेले. संस्थेतला संगणक सुटीत बंद असायचा आणि तिला नवी आकडेमोड करायची होती, म्हणून मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. तिचे वडील रतन रणपिसे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि परीक्षांच्या कामासाठी गेली होती. रतनकाका स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि तिथूनच प्रश्न विचारत होते.

"माहेनूर, तू सांग. ही काही नीट सांगत नाही. छापून आलेलं परत कसं काय गेलं?"

"छापून आलं नव्हतं, काका. येणार होतं."

"म्हणजे मी बिल्डिंगमध्ये सांगितलं ते?"

"पप्पा, तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?" आम्रपाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"बरं, राहिलं. आता मला सांग, हे तू करतेस काय नेमकं? कणाला आधी थोडंसं विचारायचं, आणि मग विचारलेलं परत घ्यायचं?"

"साधारण तसंच."

"आणि यात निम्म्या वेळा काही हाती लागत नाही?"

"निम्म्याहून जास्त."

"आमच्या खात्यात याला चौकशी समिती म्हणत," काका म्हणाले, आणि सुरीनं कांदा ताटात सारला.

ती इतकी हसली की तिला टाइप करता येईना. मग हसणं थांबलं आणि ती तशीच पडद्याकडे पाहत बसली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "आपण परत घेणं गृहीत धरलंय. ते न घेता नुसतं पाहिलं तर? पहिलं मोजमाप तेवढं ठेवू. आणि हिशेब सगळ्या जोड्यांचा करू, टाकलेल्या धरून."

काकांना वाटलं त्यांच्या विनोदातून शोध लागला. तसं काही नव्हतं. ती चार दिवस याच्याच भोवती फिरत होती. पण तिनं त्यांना तसं सांगितलं नाही.

पुढचे काही आठवडे मी तिला काम करताना पाहिलं. माझ्या व्यवसायात मी नंतर बरीच हुशार माणसं पाहिली, त्यांच्यात तिच्याहून वेगवान पुष्कळ होती. तिचं वेगळेपण हे होतं की मनासारखं उत्तर आलं की ती जास्त सावध व्हायची. चुकीचं उत्तर आलं तर ती शांतपणे चूक शोधायची. बरोबर आलं तर उठून एक फेरी मारून यायची आणि मग ते मोडायला बसायची.

आधी तिनं सगळ्या जोड्यांचा प्रामाणिक हिशेब मांडला: राखलेल्या जोड्यांत किती गुंफण उरली, गुणिले किती जोड्या राखता आल्या. जुन्या लेखातला झळाळता आलेख या हिशेबात जमिनीला टेकला. शेवटचं, जागं करणारं मोजमाप तर सरासरीला कधीच मदत करत नव्हतं, फक्त जोड्या वाया घालवत होतं. हे खरं तर पाठ्यपुस्तकातलं तत्त्व, आम्हा सगळ्यांना पाठ. पण किमतीचा आकडाच चुकीचा होता तोवर ते आमच्या आड आलं नव्हतं.

मग तिनं नुसतं पहिलं मोजमाप ठेवलं. गोंगाट कमी असेल तेव्हा तेही तोट्याचंच होतं. कितीही हलकं केलं तरी तोटा. ती गोंगाट वाढवत गेली. मी आलेख काढत होते. एका जागेपर्यंत वक्ररेषा खालीच चालली होती, आणि त्या जागेनंतर ती अगदी थोडी, नखाएवढी, वर उचलली गेली.

"तुझ्या प्रोग्रॅमची गडबड असेल," आम्रपाली म्हणाली.

मी आकडे बारीक करून पुन्हा चालवलं. उचल तशीच.

"मग माझी असेल." ती फेरी मारायला गेली. परत आल्यावर तिनं कागदावर, संगणकाशिवाय, तेच सिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी वेगळ्या मार्गानं. मग कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "माहेनूर, हे खोटं ठरव. प्लीज. तीन दिवस घे."

मी घेतले. भाजक पुसता येईल अशा प्रत्येक जागी मी तो लिहिला. निष्कर्ष हलला नाही. गोंगाट एका मर्यादेच्या आत असेल तर कणाला हात न लावणं हेच उत्तम. मर्यादेपलीकडे हलका हात लावला तर टाकलेल्या जोड्या धरूनही खरोखर फायदा होतो. त्वरण वाढलं की ती मर्यादा सरकते, आणि किती सरकते हे एका ओळीच्या सूत्रात मावत होतं. पहिल्या निष्कर्षापेक्षा हा पुष्कळ लहान होता. पण मला तो जास्त देखणा वाटला. पहिल्यात आम्ही निसर्गाकडून काहीतरी फुकट मिळवल्याचं सांगत होतो. यात त्याची अट काय आहे ते कळत होतं.

जूनच्या शेवटी प्रबंधपूर्व परिसंवाद झाला. बाहेरचे परीक्षक म्हणून एक वयस्क गृहस्थ आले होते, डॉ. रंगनाथ धारप. नारायण पेठेतून ते स्कूटरवर आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकलं. आम्हाला वाटलं, झोपले. आम्रपालीचं बोलणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"म्हणजे आपण चार वर्षं संशोधन केलंत आणि असं आढळलं की बऱ्याच ठिकाणी काही करू नये."

"हो सर."

"हे माझी पत्नी मला रोज सांगते. तिला कुणी पदवी दिली नाही."

मागे हशा झाला. आम्रपालीनं तो ओसरू दिला. "त्या कुठपर्यंत करू नये ते सांगतात का, सर?"

धारपांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही. ती मर्यादा घालत नाही."

"इथे घातली आहे. शेवटच्या आकृतीत."

"दाखवा परत."

तिनं आकृती परत लावली. त्यांनी उठून जवळ जाऊन पाहिली, बोटानं उचलीची जागा दाखवून विचारलं की ही इतकी बारीक उचल प्रयोगात कुणाला दिसणार. ती म्हणाली, आज कदाचित नाही. त्यांनी विचारलं, त्वरण आपण एकसारखं धरलंत, ते कमीजास्त होत असेल तर? ती म्हणाली, "माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज आहे, पण तो या प्रबंधात घालण्याइतका पक्का नाही."

धारपांनी सरांकडे वळून विचारलं, "आणि हिचा छापलेला लेख?"

सर उभे राहिले. "नाही. स्वीकारला गेलेला आम्ही मागे घेतला. त्यात चूक होती. ती चूक माझ्या शिकवण्यातली होती, आणि ती हिनं स्वतः काढली." त्यांनी हे एका दमात म्हटलं, आणि बसताना खुर्ची किंचित मागे सरकवली.

समितीनं आम्हाला बाहेर थांबवलं. मी आणि आम्रपाली जिन्याजवळ उभ्या होतो. खाली झाडाखाली प्रज्ञेश कुणाला तरी फोनवर घरभाडं विचारत होता. त्याची कंपनी आणि तिची कंपनी एकच होती. नियम सोपा होता: छापलेला लेख नाही तर प्रबंध नाही. समिती फार तर मुदत वाढवू शकत होती, आणि वाढीव मुदतीत शिष्यवृत्ती मिळत नसे.

सर बाहेर आले. "सहा महिने. लेख कुठेही स्वीकारला गेला तरी चालेल. धारपांनी लिहून दिलंय की काम प्रबंधाच्या योग्यतेचं आहे, आणि ते असं सहसा लिहून देत नाहीत. पण शिष्यवृत्तीचं मी काही करू शकलो नाही." मग ते म्हणाले, "बिबवेवाडीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर माणूस हवाय. पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र. पैसे हास्यास्पद आहेत. अहो रणपिसे, कंपनीत गेलात तरी मी आपल्याला एका शब्दानं बोलणार नाही, हे लक्षात ठेवा."

"हो सर."

ते गेल्यावर तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि कंपनीला फोन लावला. मी दूर जायला लागले तर तिनं माझ्या ओढणीचं टोक धरलं.

"मॅम, जॉइनिंग सहा महिने पोस्टपोन होईल का?" मग बराच वेळ ती ऐकत होती. "नाही, दुसरी ऑफर नाहीये. ... नाही, हेल्थ इश्यू पण नाही. ... हो, मला माहितीये वेटिंग लिस्ट आहे. ... मग ते नाव घ्या तुम्ही. हो. नक्की. थँक यू."

तिनं फोन बंद केला. माझी ओढणी सोडली. मग म्हणाली, "त्वरण कमीजास्त झालं तर मर्यादाही हलत राहील. पण सरासरीला ती कुठेतरी थांबायला हवी ना?"

मी म्हटलं, "आत्ता?"

"आत्ता नाही. बसमध्ये."

बसमध्ये ती खरोखरच तेच बोलत होती. मी तिच्यासोबत धायरीपर्यंत गेले, कारण तिला घरी एकटीनं सांगायला लागू नये असं मला वाटलं. रतनकाका थांब्यावरच उभे होते. हातात पिशवी, भाजीसाठी बाहेर पडलो होतो असं दाखवायला. पिशवी रिकामी होती.

"काय म्हणाले?"

"सहा महिने दिले."

"आणि कंपनी?"

"मी नाही म्हणाले, पप्पा. बिबवेवाडीला तास घेणार आहे. सकाळचे."

काकांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. रस्त्यानं हिंजवडीची एक पांढरी बस परतत होती, तिच्याकडे त्यांनी ती वळेपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "सकाळचे म्हणजे डबा किती वाजता लागेल?"

"सातला."

"मग भाजी आत्ताच घ्यायला पाहिजे," ते म्हणाले, आणि आमच्यापुढे चालू लागले.